ऊस आणि बंदिवान

गळीत हंगाम तोंडावर आला की ढोकीच्या माणसाचे डोळे आपोआप तेरणा कारखान्याच्या धुराड्याकडे वळतात. मराठवाड्यातील जुन्या सहकारी साखर कारखान्यांत गणला जाणारा हा कारखाना कर्जाच्या ओझ्याखाली वाकला, अनेक वर्षे बंद राहिला आणि अखेर भाडेपट्ट्याने खासगी उद्योगाकडे गेला. या घटनेविषयी गावात दोन मते आहेत. सभासदांच्या घामावर उभे राहिलेले दैवत दुसऱ्याच्या देव्हाऱ्यात गेले, असे काही जण म्हणतात. बंद देव्हाऱ्यापेक्षा दिवा लागलेला बरा, मग तो कोणी का लावेना, असे इतरांचे म्हणणे असते.

या दुसऱ्या मताचे एक काका आमच्या भाविकांत आहेत. तेरणेच्या वजनकाट्यावर त्यांनी उभी हयात काढली. उसाची गाडी काट्यावर चढण्यापूर्वीच तिच्या चाकांकडे पाहून ते वजनाचा अंदाज सांगत, असे लोक आजही कौतुकाने सांगतात. एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर ते वर्तमानपत्राचे जुने कात्रण हाती घेऊन माझ्याकडे आले.

“फादर, एक विचारू का? रागावू नका. आपली तेरणा बंद होती तेव्हा आवारात गवत माजले होते. खासगी माणसाच्या हाती गेली आणि धुराडे पेटले. सरकारी दवाखाना सोडून आपण लातूरला खासगी डॉक्टरकडे जातोच ना? मग तुरुंगानेच काय घोडे मारले आहे? बांधू दे कंपनीला आणि चालवू दे कंपनीला. कैद्याला पाठ टेकायला जागा तरी मिळेल.”

कात्रण २०२२ सालचे होते. त्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयात गौतम नवलखा यांच्या अर्जावर सुनावणी चालू होती. नवी मुंबईजवळच्या तळोजा कारागृहाऐवजी आपल्याला घरीच नजरकैदेत ठेवावे, अशी त्या वृद्ध बंद्याची विनंती होती. सुनावणीच्या ओघात न्यायमूर्तींनी तुरुंगांतील गर्दीविषयी चिंता व्यक्त केली. युरोपात खासगी तुरुंगांची कल्पना आहे, आपल्याकडे कंपन्यांजवळ सामाजिक दायित्वाचा निधी असतो, तेव्हा पुरेशी सवलत दिल्यास मोठे उद्योगसमूह तुरुंग बांधून शासनाच्या हवाली करतील, या शक्यतेचा अभ्यास व्हावा, असे त्यांनी सुचविले. हा आदेश नव्हता, बोलता बोलता पुढे आलेला विचार होता, आणि त्याचा उगम कणवेत होता हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. त्याच वर्षाअखेरच्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार भारतातील तुरुंगांची एकूण क्षमता ४,३६,२६६ होती आणि आत माणसे होती ५,७३,२२०. शंभरांच्या जागेत एकशे एकतीस! अशा वेळी कोणी नवी भिंत बांधून देतो म्हटले, तर त्याला नाही कसे म्हणावे?

मी काकांना म्हटले, “विचार करून सांगतो.” सेमिनरीत आम्हाला तत्त्वज्ञान शिकविले, धर्मविज्ञान शिकविले, ख्रिस्तसभेची सामाजिक शिकवण शिकविली. परंतु काट्यावर उभ्या आयुष्याचा अनुभव तोलून आलेल्या माणसापुढे पुस्तकी उत्तर देण्याचा मला धीर झाला नाही.

त्याच आठवड्यात, मंगळवारी सायंकाळी, एक आजी माझ्या दारात येऊन बसल्या. आमच्या जिल्ह्यात पारध्यांच्या वस्तीला ‘पिढी’ म्हणतात. अशाच एका पिढीवरून त्या चालत आल्या होत्या. त्यांचा एकोणीस वर्षांचा नातू चोरीच्या संशयावरून तुरुंगात होता. न्यायालयाने त्याला जामीन मंजूर केला होता, पंधरा हजारांचा, आणि अट होती ऐपतदार जामीनदाराची. या गोष्टीला चार महिने झाले होते.

“कोर्टानं सोडा म्हणलंय फादरबाबा,” आजी म्हणाल्या, “पर जामीनदार आणा म्हणत्यात. ज्याच्या नावावर जमीन हाय त्यो आमाला जामीन ऱ्हात न्हाई. आन् आमच्या नावावर तर मातीबी न्हाई. तुमी ऱ्हाताव का?”

मी त्यांना चहा दिला, पाचशे रुपये दिले आणि “पाहतो, आजी” असे म्हटले. खरे सांगायचे तर त्यांना वाटेला लावले. माझ्या नावावर शेत नाही, सातबारा नाही, हे खरेच आहे. परंतु त्या वेळी मनात जो हिशेब चालला होता तो वेगळाच होता. मुलगा तारखेला आला नाही तर? फादर चोरांना सोडवितात अशी बोलवा झाली तर? आमच्या थोडक्या कुटुंबांकडे गाव कोणत्या नजरेने पाहील? असा जमाखर्च मांडून मी दार लावले आणि काकांच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी पुस्तके व कागद घेऊन बसलो.

वाचनातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

नफ्यासाठी तुरुंग चालविण्याच्या आजच्या धंद्याचा आरंभ अमेरिकेत झाला. १९८३ साली टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे ‘करेक्शन्स कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका’ ही कंपनी स्थापन झाली. आज ती ‘कोअरसिव्हिक’ या नावाने ओळखली जाते. तिच्या जोडीचा दुसरा मोठा उद्योग ‘जिओ ग्रुप’. या कंपन्यांचे समभाग बाजारात विकले जातात, त्यांचे भाव चढतात आणि उतरतात. शासन त्यांना सामान्यतः दर कैद्यामागे, दर दिवसाला, ठरावीक रक्कम देते. अनेक करारांत तर अशी हमी असते की तुरुंगातील ८० ते १०० टक्के जागा भरलेल्या राहतील आणि न भरल्यास रिकाम्या खाटांचे पैसेही शासन भरील.

हे वाचले आणि मला काकांचा काटा आठवला. कारखान्याची गाळपक्षमता ठरलेली असते. ऊस कमी पडला की कारखाना तोट्यात जातो. मग चिटबॉय रानोरान फिरतात, शेजारच्या जिल्ह्यांतून ऊस आणला जातो, तोडीच्या टोळ्यांना उचल दिली जाते. यात काही पाप नाही. ऊस गाळण्यासाठीच लावलेला असतो. परंतु तुरुंगाचा कारखाना झाला, त्याची गाळपक्षमता करारात लिहिली गेली, तर त्याचा ऊस कोण? त्याची टोळी कोणाच्या रानात उतरणार?

ही केवळ कल्पना नव्हे. पेनसिल्व्हानिया राज्यातील लुझर्न परगण्यात मार्क सिआव्हरेला आणि मायकल कोनाहन या दोन न्यायाधीशांचे प्रकरण २००९ साली उघडकीस आले. खासगी बालसुधारगृहांशी संबंधित व्यक्तींकडून या दोघांनी सुमारे २८ लाख डॉलर घेतले होते, आणि किरकोळ खोड्यांसाठीही मुलांना त्या गृहांत धाडले जात होते. २०११ साली सिआव्हरेला यांना २८ वर्षांची शिक्षा झाली. ज्या मुलांचे कोवळे दिवस त्या भिंतींत गेले, त्यांना ते कोण परत देणार?

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमचा तुरुंग २०११ साली ‘जी-फोर-एस’ या कंपनीकडे सोपविण्यात आला. तेथील हिंसा, अस्वच्छता आणि अमली पदार्थांचा सुळसुळाट इतका वाढला की २०१८ साली सरकारला तो पुन्हा आपल्या ताब्यात घ्यावा लागला. इस्रायलमध्ये तर खासगी तुरुंगाची इमारत उभी राहिली होती. परंतु २००९ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच रद्द केला. न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय असा की, माणसाचे स्वातंत्र्य हिरावून घेण्याचा अधिकार नफा मिळविणाऱ्या संस्थेच्या हाती देणे, हाच मुळात त्या माणसाच्या प्रतिष्ठेचा भंग आहे. तो तुरुंग चांगला चालेल की वाईट, हा प्रश्न त्यानंतरचा. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतील कॅथोलिक महागुरूंनीही २००० साली एक संयुक्त निवेदन काढून तुरुंगांच्या खासगीकरणास विरोध केला होता.

उत्तर मिळाले, असे मला वाटले. परंतु उत्तर इतके सोपे असते, तर त्या आठवड्यात मला झोप चांगली लागली असती.

तळोजा कारागृह खासगी नव्हते. झारखंडातील आदिवासींमध्ये काम करणारे येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी यांना ऑक्टोबर २०२० मध्ये रांचीजवळ अटक झाली आणि तळोजात ठेवण्यात आले. तेव्हा त्यांचे वय ८३ होते आणि कंपवातामुळे त्यांना हातात पेला धरता येत नव्हता. पाणी पिण्यासाठी नळी व झाकणाचा पेला मिळावा म्हणून त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. जामिनाची लढाई संपण्यापूर्वीच ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात त्यांचे निधन झाले. आरोप शाबीत झाला नव्हता, खटलाही उभा राहिला नव्हता. तेथे कोणा कंपनीचा नफा अडकला नव्हता. म्हणजे तुरुंग सरकारी असला की तो माणुसकीने चालतो, असे मानण्याचे कारण नाही. काकांच्या म्हणण्यातील हा भाग मला निमूटपणे मान्य करावा लागला.

आणखी एक गोष्ट वाचनात आली. तुरुंगातून पैसा काढणे हा आजचा शोध नव्हे. जॉन हॉवर्ड हा इंग्रज गृहस्थ १७७३ साली बेडफर्डशायर परगण्याचा शेरीफ झाला आणि तुरुंग पाहण्यास गेला. तेथील तुरुंगाधिकाऱ्याला पगार नव्हता. कैद्यांकडून मिळणाऱ्या शुल्कावर त्याचा चरितार्थ चाले. निर्दोष सुटलेली माणसेसुद्धा हे शुल्क भरता येत नाही म्हणून आतच सडत होती. हॉवर्ड देशभर हिंडला आणि त्याने १७७७ साली तुरुंगांच्या अवस्थेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. तुरुंगाधिकाऱ्याला सरकारने पगार द्यावा, कैद्याच्या खिशावर त्याचे पोट चालू नये, ही सुधारणा अशा माणसांच्या खटपटीतून आली. खासगी तुरुंगाची कल्पना आपल्याला पुढे नेत नाही, ती हॉवर्डच्या आधीच्या काळाकडे परत नेते.

निर्दोष असूनही शुल्कापायी अडकलेली माणसे! पुस्तक मिटले आणि दारात बसलेल्या आजी डोळ्यांपुढे आल्या. त्यांच्या नातवाला न्यायालयाने सोडले होते. तो अडकला होता तो केवळ ऐपतीच्या दाखल्यासाठी. वर सांगितलेली आकडेवारी मी पुन्हा पाहिली. ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे ज्यांना लोक कच्चे कैदी म्हणतात ते, होते. हा आकडा देशातील साऱ्या तुरुंगांच्या एकूण क्षमतेला जवळजवळ भिडतो. याचा अर्थ असा की, ज्यांचा गुन्हा अजून ठरलेलाच नाही त्यांतील निम्मे जरी बाहेर आले, तरी गर्दी उरणार नाही आणि कोणा कंपनीकडे भिंत मागण्याची पाळी येणार नाही. त्यांतील कितीतरी जण वकील नाही, जामीनदार नाही, काही हजार रुपये नाहीत म्हणून आत आहेत. आपल्या सरकारी तुरुंगाच्या दाराशीही असा एक काटा बसविलेला आहे. ज्याच्या पारड्यात सातबारा आहे तो बाहेर जातो, ज्याच्या पारड्यात काही नाही तो आत राहतो.

नवलखा यांच्या प्रकरणाचाच पुढचा भाग पाहा. न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांना नजरकैद मंजूर केली, ती पहाऱ्याचा खर्च त्यांनी सोसावा या अटीवर. प्रारंभी २ लाख ४० हजार रुपये भरावयास सांगण्यात आले. एप्रिल २०२४ पर्यंत तपास यंत्रणेने मांडलेला हिशेब १ कोटी ६४ लाखांवर गेला होता. मे महिन्यात जामीन देताना न्यायालयाने २० लाख भरावयास सांगितले. नजरकैद त्यांनीच मागितली होती, हे खरे. तरीही स्वतःच्या कैदेचे बिल कैद्याच्याच हाती पडले, हेही खरे.

हे सारे दूरचे, मोठ्या लोकांचे, असे म्हणून मला सुटका करून घेता आली असती. परंतु आजी ज्या समाजातून आल्या होत्या, त्याचा इतिहास तशी सुटका देत नाही.

इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ साली तो सुधारून मुंबई इलाख्यालाही लागू केला. पारधी, कैकाडी, मांगगारुडी, भामटे, कंजारभाट अशा अनेक जमाती त्याने जन्मजात गुन्हेगार ठरविल्या. ढोकी त्या वेळी निजामाच्या राज्यात होती. परंतु सरहद्दीपलीकडे सोलापुरात या जमातींसाठी तारेच्या कुंपणाची मोठी वसाहत उभी राहिली. सोलापूरकर तिला आजही ‘सेटलमेंट’ म्हणूनच ओळखतात. आत राहणाऱ्यांनी ठरल्या वेळी हजेरी द्यावयाची, परवान्याशिवाय बाहेर जावयाचे नाही. आणि दिवसा? दिवसा त्यांनी सोलापूरच्या कापडगिरण्यांत कामाला जावयाचे. गिरणीला न पळणारा मजूर मिळाला, सरकारच्या डोक्यावरचा खर्च हलका झाला, आणि माणसांना मिळाली तार. आंध्र किनाऱ्यावरील स्टुअर्टपुरमच्या अशाच वसाहतीतील मजूर चिराला येथील तंबाखूच्या कारखान्याला पुरविले जात. बंदिवास आणि नफा यांचे लग्न पाहण्यासाठी अमेरिकेला जाण्याची गरज नव्हती. ते आपल्या शेजारच्या जिल्ह्यात, आपल्या आजोबांच्या डोळ्यांदेखत लागले होते.

या लग्नात भटजीपण कोणी केले, हे लिहिताना लेखणी जड होते. कायद्याने या वसाहती धर्मादाय संस्थांकडे चालवावयास देण्याची मुभा ठेवली होती. स्टुअर्टपुरमची वसाहत सॅल्व्हेशन आर्मीने चालविली, सोलापूरच्या वसाहतीचे व्यवस्थापन काही काळ अमेरिकन मराठी मिशनने पाहिले. ती मंडळी आपल्या पंथाची नव्हती असे म्हणून हात झटकणे मला शोभणार नाही. ख्रिस्ताचे नाव त्यांच्याही ओठी होते. त्यांनी शाळा काढल्या, औषधपाणी केले, माणसांविषयी त्यांना माया होती. तथापि तारेच्या आतल्या माणसाचे भले करता करता त्यांनी तार मान्य केली. सद्हेतू असलेल्या माणसाच्या हातूनही केवढी चूक होऊ शकते, याचा हा धडा आहे. उद्या एखाद्या उद्योगसमूहाने चांगल्या हेतूने स्वच्छ, हवेशीर तुरुंग बांधून दिला, तर त्या हेतूला नमस्कार करून मी एवढेच विचारीन की, हा रिकामा राहिला तर आपल्याला आनंद होईल का?

मुंबई प्रांतात हा कायदा १९४९ साली आणि साऱ्या देशात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. परंतु तार मनातून निघाली नाही. विमुक्त जमातींच्या माणसांना जन्मतः गुन्हेगारीची सवय असलेले मानणारे नियम तुरुंगांच्या पुस्तकांत उरलेच होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातिभेदाचे नियम घटनाबाह्य ठरविले, तेव्हा या जमातींचा स्पष्ट उल्लेख करावा लागला. म्हणजे स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी!

एके पहाटे प्रार्थनेच्या वेळी प्रेषितांच्या कृत्यांतील एक प्रसंग समोर आला. संत पौल कैसरियात कैदेत होता. राज्यपाल फेलिक्स त्याला वारंवार बोलावून घेई आणि त्याच्याशी संभाषण करी. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, केवढा हा जिज्ञासू अधिकारी! परंतु धर्मग्रंथ त्याच्या मनातली गोष्ट उघड करतो. पौल आपल्याला पैसे देईल, अशी त्याला आशा होती. दोन वर्षे गेली, फेलिक्सची बदली झाली, आणि यहुद्यांची मर्जी राखण्यासाठी तो पौलाला कैदेतच ठेवून गेला.

हा उतारा मी वर्गात अभ्यासिला आहे, त्यावर प्रवचन केले आहे. त्या पहाटे मात्र तो माझ्यावरच प्रवचन करू लागला. फेलिक्सने दोन हिशेब केले, एक पैशाचा आणि दुसरा लोकांच्या मर्जीचा. पहिला हिशेब मी केला नव्हता. दुसरा मात्र नेमका केला होता. बंदिवानाविषयी तो पुष्कळ बोलला, त्याला सोडविले मात्र नाही. मीही तीन आठवडे बंदिवानांविषयी वाचीत बसलो होतो. तीन आठवडे! अमेरिकेतील करार, इंग्लंडातील तुरुंग, सोलापूरची तार, सारे टिपून झाले होते, आणि एकोणीस वर्षांचा मुलगा तेवढेच एकवीस दिवस अधिक आत होता.

शेवटच्या न्यायाच्या दाखल्यात प्रभू येशू बंदिवानाच्या भेटीविषयी विचारतो, तेव्हा तो मनुष्य दोषी होता की निर्दोष, याची चौकशी करीत नाही. तुझे मत काय होते, हेही तो विचारीत नाही. तू गेलास का, एवढेच विचारतो.

मी काकांकडे गेलो. आधी त्यांच्या प्रश्नाचे उत्तर दिले: उसाचे, गाळपाचे, रिकाम्या खाटांच्या हमीचे. ते मन लावून ऐकत होते. “टनेज भरायची हमी?” ते म्हणाले. “माणसांची?” आणि बराच वेळ गप्प राहिले. मग मी त्यांना आजींची हकिकत सांगितली आणि मी त्यांना कसे परत धाडले, तेही सांगितले. हे सांगणे मला पापनिवेदनाइतके अवघड गेले.

काका उठले, आत गेले आणि कपाटातून एक पिशवी घेऊन आले. तिच्यात दोन एकरांचा सातबारा होता.

“फादर, तुमच्याकडे हा नाही. माझ्याकडे आहे. चला तलाठ्याकडे.”

“पण काका, पोरगा पळाला तर?”

“तर पंधरा हजार जातील. काट्यावर असताना याहून जास्त घट मी एका पाळीत धरत होतो.”

दाखला मिळण्यास आठ दिवस लागले. नवव्या दिवशी आम्ही दोघे आणि आजी न्यायालयात गेलो, आणि दुसऱ्या दिवशी सायंकाळी मुलगा बाहेर आला. त्याचा खटला अजून चालू आहे. आजवर त्याने एकही तारीख चुकविलेली नाही. दोषी की निर्दोष, हे न्यायालय ठरवील. तो माझा विषय नाही. तुरुंगाविषयी त्याने एकदाच सांगितले. आत जागा इतकी कमी होती की रात्री पाळीपाळीने झोपावे लागे, आणि ज्याला भेटायला कोणी येत नसे त्याची पाळी शेवटची असे.

पुढे मला काही गोष्टी कळल्या. त्या मला आधीच ठाऊक असावयास हव्या होत्या. जामीन मिळूनही सात दिवसांत बंदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालयाने अट शिथिल करण्याचा विचार करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले आहे. गरीब न्यायाधीन बंद्यांच्या जामिनासाठी चाळीस हजार रुपयांपर्यंत साहाय्य देणारी केंद्र शासनाची योजनाही त्याच वर्षी आली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेप्रमाणे, काही गंभीर गुन्हे वगळता, पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या बंद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला सोडावयाचे आहे. कायद्यात वाट आहे. ती दाखविण्यासाठी कोणीतरी सोबत चालावे लागते, कारण ज्याला वाट हवी त्याला बहुधा वाचता येत नाही.

तुरुंग नेहमीच तारेचा असावा लागतो, असेही नाही. सोलापुरात हजेरी चालू होती त्याच काळात, १९३९ साली, औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत वसली. पंतप्रतिनिधींचे संस्थान आणि मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या सद्गृहस्थाची प्रेरणा. तेथे भिंत नव्हती, तार नव्हती. शिक्षा झालेले कैदी कुटुंबासह राहून शेती करू लागले. शांतारामबापूंनी १९५७ साली काढलेल्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटामागे हीच वसाहत होती. सोलापूर आणि आटपाडी यांत अंतर फार नाही. एकीकडे माणसाच्या श्रमातून गिरणीचा लाभ पाहिला गेला, दुसरीकडे त्याच श्रमातून माणूस परत मिळविण्याचा प्रयत्न झाला. श्रम तेच, हिशेब वेगळा.

पोप फ्रान्सिस यांनी २६ डिसेंबर २०२४ रोजी रोममधील रेबिब्बिया तुरुंगात जुबिली वर्षाचे पवित्र द्वार उघडले. १७ एप्रिल २०२५ रोजी, आज्ञापालनाच्या गुरुवारी, मृत्यूला अवघे चार दिवस उरले असताना, ते थकलेल्या देहाने रेजिना चेली तुरुंगातील बंद्यांना भेटून आले. त्यांनी तेथे काही मोठे केले नाही, केवळ गेले.

काकांचे आणि माझे मत अजून पूर्ण जुळलेले नाही. “जेवण तरी कंपनी बरे देईल,” असे ते अधूनमधून म्हणतात, आणि जेवणापुरते कदाचित त्यांचे खरेही असेल. परंतु त्यांच्या सातबाऱ्याने आमच्या वादाला वेगळे वळण लावले आहे. भारतातील ख्रिस्तसभा दर वर्षी ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी बंदिवानांसाठी प्रार्थना करते. त्या दिवशी आपण दानपेटीत काही टाकतो आणि घरी जातो. येत्या ऑगस्टमध्ये, प्रिय वाचकहो, प्रार्थनेसोबत एवढे करा. घरात सातबारा असेल तर तो एकदा कपाटातून बाहेर काढून पाहा, आणि तुमच्या धर्मग्रामाच्या आसपास कोणाच्या दारात एखादी आजी बसून राहिली आहे का, याची चौकशी करा. मला तीन आठवडे लागले. तुम्हाला तेवढे लागू नयेत.